पेणला दिलेला हँगर

रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी मला ना पगार विचारला, ना आडनाव. मटण-मच्छी खातेस काय, हेही विचारलं नाही. दारातच उभं ठेवून त्या म्हणाल्या, "तुझ्याकडं हँगर किती हायत?"

मी घाटावरची. धाटावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते आणि शिफ्टच्या बसला जवळ पडेल अशी खोली शोधत होते. मला वाटलं, कपाट लहान असेल, म्हणून विचारत असतील. म्हटलं, "मोजले नाहीत कधी. कमी पडले तर आणीन अजून."

"ऐकलंत? आणीन म्हणते अजून," त्या आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाल्या.

आतून पुरुषाचा आवाज आला, "दे गो तिला खोली. माझ्या बाजूचं एक तरी माणूस येऊ दे घरात."

खोली मिळाली ती अशी, पक्षवाढीच्या आशेवर. पुढं मी त्या दोघांना काका-काकी म्हणू लागले आणि थोड्याच दिवसांत घरातलं राजकारण ध्यानात आलं. काकींचा पक्ष हँगरचा होता, काकांचा खुंटीचा. मुलंबाळं नव्हती, त्यामुळं मतदार म्हणून मी एकटीच. दोन्हीकडून माझ्यापुढं प्रचार चाले.

काकींचं माहेर पेणचं. पेणमध्ये कारखाना म्हटलं की कुणी चिमणी नि भोंगा शोधत नाही. कारखाना म्हणजे गणपतीचा. काकींच्या वडिलांचा असा कारखाना होता आणि काकी त्यातच रांगल्या होत्या. आमच्याकडं गणपती म्हणजे आदल्या दिवशी बाजारात जाऊन उचलून आणायचा. इकडं तसं नाही. आपल्या घरचा लाकडी पाट कित्येक दिवस आधी कारखान्यात नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर आपली मूर्ती बसवून घरी आणायची. पाट दिला म्हणजे शब्द दिला. मग मधूनमधून जाऊन आपली मूर्ती कुठवर आली ते बघून यायचं, रंगाचं सांगायचं. हा सगळा रिवाज काकींनी उचलून जसाच्या तसा कपड्यांना लावला होता.

त्यांचे हँगर पाटांच्या उरलेल्या फळ्यांतून वडिलांनीच सुताराकडून करवून घेतलेले. जाडजूड, वर लोखंडी आकडा. कपाटात एक दांडी, दांडीवर मावतील तेवढे हँगर, आणि प्रत्येक हँगरला एक कपडा. हँगर मोकळा झाल्याशिवाय नवीन कपडा घरात येत नसे. आणि हँगर मोकळा व्हायचा एकच रस्ता होता, साडी विरून तिची गोधडी व्हायला पाहिजे. ती झाली की हँगर महिनाभर दांडीवर तसाच रिकामा राही. काकी रोज कपाट उघडून त्याच्याकडं बघत.

"काय बघता त्यात?" मी एकदा विचारलं.

"रिकामं बघितल्याशिवाय काय पाहिजे ते कळत नाय," त्या म्हणाल्या. "भरलेल्या कपाटापुढं उभं राहून माणूस भलतंच मागतं."

महिना झाला की तो हँगर पेणला जाई. पेणच्या बाजारात एका चाचांचं कापडाचं जुनं दुकान होतं. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात, चाचा मात्र गल्ल्यावरून हलायला तयार नाहीत. काकींचा हँगर ते गल्ल्यावरच्या खिळ्याला टांगून ठेवत. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारी, हा हँगर केवढ्याला? चाचा म्हणत, विकायचा नाय, अष्टमीच्या वहिनींची ऑर्डर हाय. मग मनासारखं कापड मिळेपर्यंत दोन महिने लागोत की सहा, काकी अधूनमधून जाऊन बघून येत. साडी घरी यायची ती त्याच हँगरवर, वरून पांढऱ्या कापडानं झाकून. गणपती आणताना त्याचं तोंड झाकतात, तसं.

"गणपतीला पाट देतात, हिनं अंगाला दिलाय," काका म्हणायचे. "मला पसंत केलं तेव्हा पण पाट घेऊन आली असेल."

"तिथंच चुकलं," काकी शांतपणे म्हणायच्या. "तेव्हा बाबांनी मला न विचारता मूर्ती आणली."

हे असं रोज चाले. काकांचा आयुष्यभराचा पोशाख म्हणजे कंपनीचा खाकी गणवेश. निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी तो उतरवला आणि जगात रंग आहेत हा शोध त्यांना लागला. कुठल्या हॉलमध्ये सेल लागला, कुणी टेम्पोत शर्ट आणून रस्त्याच्या कडेला पसरले, की काका तिथं. एकावर एक मोफत असेल तर मोफतवाला आधी उचलत. नांगर छापलेले शर्ट, नारळाची झाडं छापलेले शर्ट. एकावर तर हिरवे पोपट होते. हे सगळं एका खुंटीवर एकावर एक, आणि खुंटी भरली की शेजारच्या वेताच्या खुर्चीवर. खुर्चीवर माणूस बसलेला मी कधी पाहिला नाही.

"तीस वर्षं खाकीत काढली," ते मला सांगायचे. "आता पोपट घालू दे मला. उडणार थोडेच हायत."

काकींनी काकांच्या खुंटीला कधी हात लावला नाही. तेवढी लोकशाही त्या घरात होती.

माझ्यावर मात्र दया नव्हती. माझं पार्सल आलं की काकी ते घेऊन जिन्याखाली उभ्या राहत आणि हाक मारत, "काय गो, हे कुठल्या हँगरचं?" एकदा मी मोबाइलवर बघून एक पायघोळ पलाझो मागवली. काकींनी ती घालून दाखवायला सांगितली. मी घातली. "छान हाय," त्या म्हणाल्या. "आता बस पकड." मी म्हटलं, कसली बस? त्यांनी अंगणातल्या दोन पायऱ्या दाखवल्या आणि काकांना कंडक्टर व्हायला सांगितलं. काकांनी घंटी वाजवल्यासारखं तोंडानं केलं, मी चढायला गेले आणि पलाझोत पाय अडकून तुळशीपाशी बसले. काकांचं मत तरीही माझ्याच बाजूनं पडलं. रंग चांगला आहे म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं पाठवलेला एक व्हिडिओ मी काकींना मुद्दाम दाखवला होता. मोठ्या शहरातली एक मुलगी सांगत होती की कपडे विचार करून घ्यावेत, आपली शैली ओळखावी, कपाटात मोजकेच कपडे असावेत, त्याला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. मला वाटलं, काकी हरखतील. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितलं, मग तिचे आणखी दोन-चार व्हिडिओ लावायला सांगितले. सगळे बघून झाल्यावर म्हणाल्या, "हे सांगायला ही पोरगी दर खेपेला नवा ड्रेस घालून कशी येते?"

शैली हा शब्द काकींना माहीत नव्हता, पण स्वतःचे रंग माहीत होते. कोकमी, शेवाळी, वांगी, असे मोजके. आकाशी कुणी दिला तर तो फुकटही त्यांनी घेतला नसता. आणि त्यामागं त्यांचा अभ्यास होता. "बाबा म्हणायचे, पितांबराचा रंग डब्यात ठरत नाय, मूर्तीच्या अंगावर ठरतो. एकाच साच्यातले शंभर गणपती, पण एकाला पिवळा खुलतो, दुसऱ्याला तोच पिवळा लावला तर कावीळ झाल्यागत दिसतो." एकाच साच्यातल्या शंभर मूर्तींना वेगळा रंग कसा खुलेल, असा एक शास्त्रीय प्रश्न मी विचारला होता. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की पुन्हा विचारला नाही.

त्यांची शेवटची परीक्षा पुलावर होई. रोहा आणि अष्टमीच्या मधून कुंडलिका जाते आणि तिच्यावरच्या पुलावर संध्याकाळी वारा सुटतो. काकींचं म्हणणं, दुकानातल्या आरशात सगळ्याच बाया बऱ्या दिसतात, कारण आरशात वारा नसतो. म्हणून एखादं नवं कापड मनात आलं की त्या तसलीच साडी शेजारपाजारी कुणाची तरी मागून आणत आणि नेसून पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात जाऊन येत. मी बाजूला, काका मागं पिशवी घेऊन. पदर दोनदा उडाला की कापड नापास. आमच्या आळीत काकींनी कुणाच्या साडीची स्तुती केली की ती बाई घाबरून जायची, कारण संध्याकाळी ती साडी पुलावर जाणार हे ठरलेलं.

तर त्या कोकमी साडीचं.

चैत्रात काकींच्या जुन्या कोकमी साडीची गोधडी झाली. त्यांची सगळ्यात आवडती. महिनाभर हँगर बघून झाला, आणि ठरलं की पुन्हा तोच रंग, फक्त काठ बारीक आणि पदर जड. पण हँगर न्यायच्या वेळी काकींचा गुडघा धरला. काकांना त्याच दिवशी पेणला एका सेलला जायचं होतंच. काकींनी त्यांच्या हातात हँगर दिला, आणि शर्टाच्या खिशात जुन्या साडीच्या पदराचा एक तुकडा घातला.

"मी काय तुझ्या पक्षाचा कार्यकर्ता हाय काय?" काकांनी कुरकुर केली. पिशवीत मावेना म्हणून हँगर हातात धरून एसटीत चढले.

संध्याकाळी परत आले ते हात हलवत. एकही शर्ट नाही. जाताना रिकामा हँगर बघून कंडक्टरनं म्हणे विचारलं, काका, शर्ट कुठं उडाला? सेलचं विचारलं तर म्हणाले, "काय नव्हतं. सगळा कचरा." काकांना कचरा दिसावा हे नवल होतं, पण आम्ही ते उन्हावर ढकललं.

आषाढात काका गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि तसेच ओटीवर भिंतीला मान टाकून बसले. मी पहिल्या शिफ्टला गेले होते. कंपनीत फोन आला तेव्हा मला आधी ती गंमतच वाटली, इतका तो माणूस माझ्या डोक्यात गमतीशी जोडलेला होता. मग रडू आलं आणि ते बसमध्ये, रस्त्यात, जिन्यात, कुठंच थांबेना.

दिवसकार्य झालं. दुखवटा काढायला माणसं येऊ लागली. त्यांच्यात अशा वेळी बाईला साडी द्यायची रीत आहे. प्रत्येकजण एकेक साडी घेऊन आला. राखाडी, मोतिया, दुधी, फिकट निळी. सगळ्यांनी एकाच गठ्ठ्यातून काढल्यासारख्या. काकी हात जोडून घेत आणि काकांच्या वेताच्या खुर्चीवर ठेवत. खुर्चीवरचे पोपट झाकले गेले आणि वर राखेच्या रंगाचा ढीग झाला.

सगळ्यांत जास्त येणं-जाणं गडबच्या आत्यांचं होतं. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. स्वभावानं करारी, शेतावर अजून माणसं त्यांना घाबरत. त्यांचे यजमान फार पूर्वी गेले होते आणि मी आत्यांना फिकट सोडून दुसऱ्या रंगात कधी बघितलंच नव्हतं. त्या काकींजवळ बसत, त्यांना जेवायला लावत, आणि जाताना न चुकता म्हणत, "आता लालबिल नको गो. फिकं बरं दिसतं. मी घातलंच ना इतकी वर्षं? मेले काय मी?"

काकी उंबऱ्याच्या आत उभ्या राहून त्यांना निरोप देत.

एका दुपारी आत्यांनी माझ्याकडून चाचांच्या दुकानाचा नंबर मागून घेतला. मला वाटलं, काही कापड पाहिजे असेल. त्यांनी ओटीवर बसून फोन लावला आणि सांगितलं, "अष्टमीवरून बोलते. आमच्या वहिनीचं ते लाल कापड आता नको. रद्द करा. आमच्या घरात काय झालंय ठाऊक हाय ना तुम्हाला?" आत काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

साडी काय, एक गेली तर दुसरी. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. यापुढं उरलेल्या आयुष्यात स्वतःच्या अंगावर काय घालायचं हे काकी ठरवणार की ती वेताची खुर्ची, हे आता ठरत होतं, आणि काकी तांदूळ निवडत होत्या.

आत्या गेल्यावर काकी गुडघा सावरत जिना चढून माझ्या खोलीत आल्या. त्या वर आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"घरात असं काय झालं तर त्या वर्षी गणपती कोण आणतं, ठाऊक हाय काय तुला?"

"नाही."

"शेजारचं माणूस. घरातलं नसलेलं. पाट दिलेला असतो ना. मूर्ती कारखान्यात टाकून चालत नाय." त्या थोडा वेळ माझ्या प्लॅस्टिकच्या हँगरांकडं बघत राहिल्या. महिना व्हायच्या आत बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, असं त्यांच्यात होतं. "रविवारी सुट्टी हाय ना तुला?"

रविवारी मी पेणला गेले. बाजारात गणपतीचे दिवस दिसू लागले होते, कारखान्यांच्या दारात पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, रंगाची वाट बघत. चाचांच्या दुकानात शिरले तर गल्ल्यावर खिळा होता तसा, पण रिकामा. मी त्या खिळ्याकडंच बघत राहिले.

"अष्टमीवरून आलात?" चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "फोन आलेला रद्द करा म्हणून. मी म्हटलं, हँगर ज्यानं दिला त्यानं मागितला तर देईन." मग त्यांनी आतल्या कपाटातून तो हँगर काढला. साडी वर चढवून, झाकून, सुतळी बांधून तयार होती. "चार दिवस झाले येऊन. भाईजानना कळवणार होतो, तर ही खबर आली."

"काकांना?"

"मग कुणाला? तेच बसले होते ना इथं. सकाळी आले ते दुपारपर्यंत. खिशातून तो तुकडा काढायचे नि प्रत्येक कापडाला लावून बघायचे. मी आठ-दहा कोकमी दाखवले. म्हणायचे, नको, हा तिचा नाय. मी म्हटलं, भाईजान, तुमचा सेल संपेल. म्हणाले, संपू दे. शेवटी बाहेरून मागवायचं ठरलं तेव्हा उठले." चाचा सुतळीची गाठ उगाच पुन्हा घट्ट करू लागले. "आमच्यात नवरा गेला की बाई इद्दतीला बसते. तेवढे दिवस साधं घालायचं. नंतर तिचं ती बघते. तुमच्यात कसं असतं मला ठाऊक नाय, पण हे तिचं हाय, घेऊन जा."

मी एसटीत बसले आणि हँगर वरच्या दांडीला अडकवला. वडखळ गेलं, गडब आलं, आणि बसमध्ये आत्या चढल्या.

यात नवल काहीच नव्हतं. दर रविवारी त्या काकींकडं यायच्याच. नवल हे की मला ते आधी सुचलं नव्हतं. हातात पिशवी, पिशवीतून मोतिया रंगाचं काहीतरी डोकावत होतं. त्या माझ्या शेजारी बसल्या.

"पेणला गेलेलीस काय गो?"

"हो आत्या."

"हे काय टांगलंस?"

"काकींचं आहे. वाटेत उघडायचं नाही म्हणाल्यात."

आत्यांनी वर बघितलं. पांढऱ्या कापडाच्या वरून हँगरची दोन्ही लाकडी टोकं दिसत होती. ते हँगर त्या घरात आलेल्या कुणालाही अंधारात ओळखता आले असते. नागोठण्यापर्यंत त्या खिडकीतून बाहेरचं भात बघत होत्या आणि मी पुढच्या माणसाची मान.

पुढं घाटातली वळणं लागली. बस वळली की हँगर डावीकडं जाई, परत वळली की उजवीकडं, आणि दर खेपेला पुढच्या माणसाच्या टाळक्यावर टपली बसे. तो दोनदा वळून बघून झाल्यावर म्हणाला, "ओ ताई, हे घ्या काढून, नायतर मला घरी नेऊन ठेवा." बसमधली माणसं हसली. मी उठेपर्यंत आत्या उठल्या होत्या. त्यांनी हँगर काढला, आपली पिशवी पायाशी ठेवली, आणि तो झाकलेला कपडा मांडीवर उभा धरून दोन्ही हातांनी आकडा पकडला.

"चुरगळलं असतं," त्या म्हणाल्या. रोह्यापर्यंत त्यांनी हात बदलला नाही.

अष्टमीला आम्ही दारात पोचलो तेव्हा काकी उंबऱ्याच्या आत पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. गणपती आणणाऱ्याच्या पायावर पाणी घालतात, ती तयारी त्यांनी माझ्यासाठी केली असणार. आत्यांना बघून त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी हँगर कुणाच्या हातात आहे ते बघितलं आणि वाकून आत्यांच्या पायावर पाणी घातलं.

"माझ्या कशाला पायावर? मी नाय आणली," आत्या म्हणाल्या.

"हातात तर तुमच्याच हाय, वन्सं."

आत येऊन काकींनी सुतळी सोडली, कापड वर केलं. पिकलेल्या कोकमाचा रंग, बारीक काठ, जड पदर. त्या फिकट घरात तो रंग एकदम दिसला.

आत्यांचा आवाज चढला. "मी रद्द करायला सांगितलेलं."

"पाट तुमच्या भावानं दिलाय," काकी म्हणाल्या. "आता ते काय रद्द करायला यायचे नायत."

मी चाचांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. खिशातला तुकडा, आठ-दहा कापडं, हा तिचा नाय, संपू दे सेल. काकींनी ऐकलं, साडीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "मला म्हणाले सगळा कचरा." आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या, मोठ्यानं, आत्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून. आत्याही रडल्या. आत्यांची मोतिया साडी पिशवीतच राहिली आणि जाताना त्या ती परत घेऊन गेल्या.

महिना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकी कोकमी साडी नेसून रोह्याच्या बाजाराला निघाल्या. आत्या मुद्दाम गडबहून आल्या होत्या. लोक काय बोलतात ते ऐकायला, असं त्यांनी मला जिन्याखाली सांगितलं. काकांची पिशवी घेऊन मी मागं. श्रावणातली उघडीप होती, कुंडलिका दोन्ही काठ धरून चाललेली, आणि पुलावर वारा नेहमीचाच. शिफ्ट सुटलेली, मोटारसायकलींची रांग लागलेली. समोरून येणाऱ्या दोघी-तिघींनी काकींकडं बघितलं, पुढं जाऊन वळून पुन्हा बघितलं आणि आपसात काहीतरी कुजबुजल्या. आत्यांनी त्यांच्याकडं अशी नजर टाकली की त्या चालू लागल्या. तोंडावर कुणीच काही बोललं नाही.

पुलाच्या मध्यावर धाटावच्या बाजूनं एक टँकर भर्रकन गेला. वाऱ्याचा झोत आला तसा आत्यांचा हात आपोआप काकींच्या पदराकडं गेला, आणि तिथंच थांबला. पदर जागचा हलला नव्हता. उडाला होता तो आत्यांचा स्वतःचा, फिक्कट, हलका, पार डोक्यावरून. तो त्यांनी आवरून घट्ट खोचला.

"कापड बरं हाय गो," त्या म्हणाल्या.

"पूल बघूनच ठरवलेलं," काकी म्हणाल्या.

आत्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. काही वेळ खाली पाण्याकडं बघत होत्या. मग तिकडंच बघत त्यांनी विचारलं, "तुझ्याकडं एखादा हँगर रिकामा हाय काय?"

काकींनी त्यांच्याकडं बघितलं. "हाय एक. पण आधी तो महिनाभर नुसता बघायला लागतो, वन्सं. आपल्याला काय पाहिजे ते मनात आल्यावर मग रंग—"

"वांगी," आत्या म्हणाल्या.

माझ्या माहितीत काकींनी महिना न थांबवता मान्य केलेला तो एकच रंग. दुसऱ्या रविवारी हँगर घेऊन मीच पेणला गेले.